ऑपरेशन थिएटरमधला (ओटीतला) फीडबॅक: शिकवणं की ओरडा?

पीजी_बेळगाव: एम.एस. सर्जरीचं दुसरं वर्ष चालू आहे. लॉगबुकात, म्हणजे ऑपरेशनांच्या नोंदवहीत, 'असिस्ट केलं', 'स्वतः केलं' एवढंच लिहितो. हात कुठे अडतो ते कोण सांगणार? 'नीट कर' म्हणजे काय करू? 'पित्ताशयाकडे एक नळी आणि एक धमनी, दोनच जाताना दिसल्याशिवाय क्लिप लावू नकोस' म्हटलं की कळतं. माझं म्हणणं, हात धुतानाच सरांना सांगायचं, 'आज कॅलॉट्स ट्रँगल (पित्ताशयाच्या नळी-धमनीजवळचा त्रिकोण) मी सोडवतो.' मग कातडी शिवताना सरांनी त्यावरच दोन मिनिटं बोलायचं. अमेरिकेतल्या सर्जरीच्या शिक्षकांनी २००९ मध्ये जवळपास हेच मांडलंय.

निपाणीचा जुना सर्जन: बाळा, यादीत सहा केसेस, भूलतज्ज्ञ घड्याळ बघतोय, आणि तू चर्चासत्र भरवणार? आमच्या सरांनी बोटांवर चिमटे मारले, हात सुधारला की! रक्त उसळल्यावर 'तुझं मत काय' विचारत बसू काय?

पीजी_बेळगाव: रक्तस्रावात ओरडाच सर. पण चिमटा बसल्यावर नेमकं काय चुकलं ते तुम्हाला कळायचं का?

भूलवाली: दोघांनीही पेशंटला विसरू नका. हर्नियाला कमरेत भूल देतो, माणूस जागा असतो. खानापूर-चंदगडकडचा असेल तर तुमचं इंग्रजी, कन्नड डोक्यावरून जाईल, पण 'अरे गाढवा' बरोबर कळतं. माझ्या मॉनिटरवर नाडी लगेच वर जाते. म्हणून टाके घालतानाची चर्चाही अशा केसला नको. बाहेर कपडे बदलताना बोला.

निपाणीचा जुना सर्जन: तोवर मी ओपीडीत पोचलेला असतो हो, मॅडम.

कागदी_घोडे: शेवटी याचाही फॉर्म होणार. ऑपरेशनात सरांनी शिकाऊ सर्जनला किती मोकळं सोडलं ते मोजणाऱ्या झ्विश स्केलवर चार पायऱ्या आहेत: करून दाखवणं, हात धरून मदत, अडलं तर मदत, नुसती देखरेख. आपल्याकडे परीक्षेआधी एका बैठकीत सगळ्यांना चौथी पायरी मिळेल. लॉगबुकच्या सह्या कशा होतात, माहीत आहे ना?

पीजी_बेळगाव: म्हणून त्याच दिवशी, मोबाइलवर, दोघांनी एकमेकांचं न बघता पायरी टाकायची. मी तिसरी म्हटलं आणि सरांनी दुसरी, तर बोलायला विषय मिळतो. रोज नाही जमलं तर आठवड्यात एका केसला करा.

निपाणीचा जुना सर्जन: पायरीबियरी मी टाकणार नाही. हात धुताना काय करणार ते सांग, तेवढ्यावर बोलेन. न सांगता आलास तर रिट्रॅक्टर, म्हणजे जखम उघडी ठेवायचं हत्यार, धरून उभा राहा.