इटलीत समुद्राकाठचा सोपा वॉक सुचवा, आईच्या गुडघ्यांना झेपेल असा

मुक्ता_के
नमस्कार मंडळी. मे एंडला आईबाबांना घेऊन इटलीला जातोय, चिंक्वे तेर्रे (समुद्राकाठची पाच गावं) च्या बाजूला तीन रात्री आहेत. आई ६६, बाबा ७१. आईचे दोन्ही गुडघे दुखतात, सपाटीवर तासभर आरामात चालते पण जिने आले की रडकुंडीला येते. सगळीकडे त्यातल्या मॉन्तेरोस्सो गावापासून वेर्नाझ्झापर्यंतचा वॉक करा असंच लिहिलंय. तो जमेल का? एका गावातून निघून दुसऱ्या गावात पोचायचं, बाजूला समुद्र, एवढंच आईचं स्वप्न आहे, मला ते तिला द्यायचंच आहे. दोघंही शाकाहारी, अंडं चालत नाही.

घाटवाट
ताई, मॉन्तेरोस्सो-वेर्नाझ्झा आईंना अजिबात नेऊ नका. अंतर साडेतीन किलोमीटर ऐकून माणूस फसतो, पण शेकडो पायऱ्या आहेत, त्यातल्या बऱ्याच दगडी आणि उंच, आणि मधेच दम संपला तर गाडी नाही की रिक्षा नाही, परत फिरा नाहीतर पुढे चला. मी पस्तिशीत केला तरी दुसऱ्या दिवशी पोटऱ्या भरून आल्या होत्या.

त्याच पाचातल्या रिओमाज्जोरे ते मानारोला या दोन गावांमधला व्हिया देल्लामोरे हा रस्ता बघा. एक किलोमीटरसुद्धा नाही, बांधीव रस्ता आहे. २०१२ मधे दरड कोसळली तेव्हापासून बंद होता, २०२४ मधे उघडला. तिकीट लागतं, वेळेचा स्लॉट आधी बुक करावा लागतो.

मिलानोकर
वरच्यांशी सहमत, पण माझं ऐकाल तर लेवांतो ते बोनास्सोला करा, चिंक्वे तेर्रेच्या शेजारचीच गावं आहेत. मी इथे नऊ वर्षं राहतोय, घरचं कुणी आलं की पहिलं तिथेच नेतो.

ही मुळात जुनी रेल्वे लाइन आहे. जेनोव्हा-ला स्पेझिया मार्ग १८७४ मधे पूर्ण झाला तेव्हा सिंगल ट्रॅक अगदी समुद्राला चिकटून, डोंगर पोखरून नेला होता. १९७० मधे इथली लाइन डबल करून आत डोंगरात नेली आणि हा जुना पट्टा रिकामा झाला, आता त्याच बोगद्यांतून चालायचा आणि सायकलचा रस्ता आहे. आगगाडीला खडा चढ झेपत नाही त्यामुळे वाट सपाटच, आईंच्या गुडघ्यांसाठी यापेक्षा चांगलं काय पाहिजे! लेवांतोच्या बीचच्या पश्चिम टोकाला सुरू होतो, अडीच किलोमीटरच्या आसपास, रमतगमत पाऊण तास. तिकीट नाही, बुकिंग नाही. बोगद्यात दिवे आहेत, आणि दोन बोगद्यांच्या मधे जिथे उघडं आहे तिथे एकदम खाली निळं पाणी दिसतं. येताना बोनास्सोलाहून लोकल ट्रेन, एकच स्टेशन. कागदी तिकीट असेल तर चढायच्या आधी स्टेशनवरच्या मशीनमधे शिक्का मारून घ्या, नाहीतर दंड. आणि त्या दिवशी रेल्वेचा संप नाही ना ते आदल्या दिवशी बघा, इथे संप होत असतात.

दोन गोष्टी लक्षात ठेवा, बोगद्यात भर उन्हाळ्यातही गार वारा लागतो, आईंना स्टोल किंवा जॅकेट द्या. आणि सायकली त्याच रस्त्याने जोरात येतात, कडेने चाला. पुढे फ्रामुरापर्यंतही जाता येतं पण तो भाग बहुतेक बोगदाच आहे, आणि फ्रामुराची वस्ती वर डोंगरावर, खाली स्टेशन आणि छोटं बंदर. मी बोनास्सोलालाच थांबेन.

खाण्याचं म्हणाल तर फोकाच्चा (ऑलिव्ह ऑइल लावलेला चपटा पाव) आणि फारिनाता मागा. फारिनाता म्हणजे चण्याचं पीठ, पाणी, मीठ, ऑलिव्ह ऑइल, मोठ्या ताटात भट्टीत भाजलेलं, आपल्या धिरड्याची चुलत बहीण. लेवांतोची खासियत गात्ताफिन, म्हणजे पालेभाजीचं सारण भरून तळलेली छोटी करंजीच, पण सारणात अंडं असतं, ते टाळा.

मुक्ता_के
मिलानोकर दादा, बाबा रेल्वेत होते, कर्जत-लोणावळा घाटात पी-वेमधे, म्हणजे रुळांच्या देखभालीत, आयुष्य गेलं! तुमची पोस्ट वाचून दाखवली तर लगेच चष्मा शोधून नकाशा बघत बसलेत. ठरलं, हेच करतो.

मुक्ता_के
परत आलो, सांगितल्याशिवाय राहवेना. आई सगळं चालली, एकदाही बस म्हणाली नाही. खरा उशीर बाबांमुळे झाला. पहिल्याच बोगद्यात भिंतीतल्या खोबणीपाशी थांबले, आत पाठ टेकवून ताठ उभे राहिले आणि म्हणाले, ही रिफ्यूज, गाडी आली की गँगमन इथे असा उभा राहतो, हत्यारं पायाशी घेऊन. मग प्रत्येक खोबणीपाशी थांबायचं. दगडावर हात फिरवून सांधे बघायचे. भाषा वेगळी, देश वेगळा, पण काम तेच म्हणत होते. आई तोवर पुढे उघड्या जागी कठड्याला टेकून स्टोल घट्ट लपेटून पाण्याकडे बघत उभी, लाट खाली आपटली की आवाज मागच्या बोगद्यात घुमून परत यायचा, तो ऐकायला ती पंधरा मिनिटं हललीच नाही.

बोनास्सोलाच्या बीचवर बसून फोकाच्चा खाल्ला. परत ट्रेनने यायचं ठरलं होतं, पण आईच म्हणाली चालतच जाऊ, आणि चालतच आलो.