पुण्यातल्या बावधनसारख्या टेकडीउतारावर दाट बांधकाम: हरकतीत काय लिहावं?

ओढाकाठ: विकास आराखड्यात उताराची जमीन निवासी करायचा फेरबदल जाहीर झाला, तर ‘झाडं वाचवा’ यापलीकडे ठोस काय लिहायचं?

मुरूमकातळ: पाण्याचा हिशेब लिहा. एका हेक्टरवर ७०० मिमी पाऊस म्हणजे ७० लाख लिटर. दहा टक्के मुरलं तरी सात लाख. पण खरा घात तळघराचा. आपल्याकडे पाणी साठतं वरच्या मुरमात आणि भेगाळ, सच्छिद्र बेसॉल्टमध्ये (काळ्या कातळात). दोन मजली तळघर सहा-सात मीटर खाली जातं, म्हणजे बहुतेकदा तो थरच कापतं. मग पाझर रात्रंदिवस पंपाने गटारात.

नकाशेवाली: फेरबदल एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायद्याच्या कलम ३७ खाली असेल तर हरकतीला राजपत्रातल्या प्रसिद्धीपासून एक महिना मिळतो. सर्व्हे नंबर घाला, पोच घ्या, सुनावणी मागा. एकाच छापाची शंभर पत्रं नकोत, कुणी वाचत नाही.

ओढाकाठ: बिल्डर म्हणतात, पावसाचं पाणी मुरवायला शोषखड्डे करू.

मुरूमकातळ: घट्ट कातळात खणलेला खड्डा म्हणजे हौदच! वर गाळाचा थर बसला की उरलासुरला पाझरही थांबतो. चाचणी मागा: खड्डा भरायचा, दर तासाला पातळी किती सेंटीमीटर उतरली ते लिहायचं. आसपासच्या विहिरींची मे आणि ऑक्टोबरमधली पातळीही जोडा, काठापासून मोजून.