जुन्या गाडीची किंमत तुम्ही कशी ठरवली?

सातारा-सांगली भागात जुनी चारचाकी घेताना किंवा विकताना भावाचा अंदाज कशावरून बांधला, हे कृपया सविस्तर लिहावे. नुसता आकडा नको. तो कशामुळे चढला किंवा उतरला, हेही सांगावे.

सुरुवात मीच करतो. जाहिरातीत दिसते ती विकणाऱ्याची अपेक्षा असते, व्यवहार त्यावर ठरत नाही. म्हणून त्याच मॉडेलच्या, त्याच वर्षाच्या गाड्या प्रत्यक्ष पाहून शेवटचा भाव विचारत गेलो आणि तीच गाडी आज नवी ऑन-रोड केवढ्याला पडते, हे शोरूममधून लिहून आणले. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर उतरला आणि नव्या गाड्या स्वस्त झाल्या, म्हणून त्याआधीचे जुन्या गाड्यांचे भाव आज धरून चालत नाहीत.

आलेली उत्तरे:

सांगली, विश्रामबाग
आमच्याकडे पहिला प्रश्न पुराचा. २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये कृष्णेचे पाणी शहरात शिरले, त्यामुळे गाडी त्या वेळी कुठे उभी होती, हे मी स्पष्ट विचारतो आणि उत्तर काहीही आले तरी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहतो. एका गाडीचा पट्टा वरून स्वच्छ होता, पण आतल्या वेटोळ्यावर गाळाची तपकिरी रेघ होती. स्टेपनी उचलली तर खालच्या खळग्यात वाळलेली माती आणि सीटच्या रुळांवर गंज. मालक भाव बराच खाली आणायला तयार होते, तरीही ती गाडी सोडली, कारण भिजलेल्या वायरिंगचा खर्च कोणताही मेकॅनिक आधी सांगू शकत नाही. अशा गाडीला योग्य भाव नसतोच, असे माझे ठाम मत आहे.

सातारा
घेण्याआधी गाडी एसी लावून यवतेश्वरच्या घाटात चढवावी. इंजिनाचा आवाज वाढतो आणि वेग वाढत नाही, म्हणजे क्लच घसरतो आहे. सपाट रस्त्यावर हे सहसा लक्षात येत नाही. टायरच्या बाजूवरचा चार आकडी शिक्काही वाचावा. २३१९ म्हणजे टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला.

कराड
विम्याच्या पॉलिसीवरची आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) म्हणजे बाजारभाव, असे अनेक जण समजतात. पाच वर्षांपर्यंत ती घसाऱ्याच्या (वयानुसार किंमत उतरण्याच्या) ठरलेल्या कोष्टकाने निघते, पाचव्या वर्षी ५० टक्के घसारा धरतात आणि त्यानंतर मालक व कंपनी यांच्या संमतीने ठरते. गाडी कशी वापरली, हे कोष्टकाला कळत नाही. मला त्याच पॉलिसीतला नो क्लेम बोनस, म्हणजे भरपाई न मागितल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, अधिक उपयोगी वाटला. जुन्या पॉलिसीत तो शून्य दिसला, तेव्हा अपघाताबद्दल विचारता आले आणि बॉनेटचे बोल्ट उघडल्याच्या खुणा दाखवून देता आल्या.

आरसीवर बँकेचा बोजा होता, कर्ज मात्र फिटलेले होते. बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हातात येईपर्यंत मी इसार दिला नाही; थकलेली ई-चलाने आणि नव्या टायरांचा खर्च ठरलेल्या भावातून वजा करून घेतला.