मदत हवी आहे: काफिल्यातल्या दोन रांगांवर एकाच वेळी टॉर्पेडो कसे लागतील?

सायलेंट हंटर ३ (पाणबुडीचा कॉम्प्युटर गेम), टाइप ७सी ही जर्मन पाणबुडी, वर्ष १९४१. टार्गेटिंग पूर्ण मॅन्युअल, मॉड (गेममध्ये बाहेरून घातलेले बदल) नाहीत, आणि ऑटोवर जायचं नाही.

काफिल्याच्या पुढे जाऊन रात्री काटकोनात मारा करतो. काफिल्याचा वेग ७ नॉट, स्टॉपवॉचने मोजलेला. एकेकटी जहाजं व्यवस्थित बुडतात. अडचण दुसऱ्या रांगेची. जवळचं जहाज १००० मीटरवर, मागचं २२०० वर. ३० नॉटच्या इलेक्ट्रिक टॉर्पेडोला पहिल्यासाठी ६५ सेकंद लागतात, दुसऱ्यासाठी १४२. जवळचं आधी फुटलं की मागची जहाजं लगेच वळतात आणि तिकडचा टॉर्पेडो वाया.

लांबच्यावर आधी सोडून पाऊण-एक मिनिट थांबून पाहिलं. तेवढ्यात जवळचं जहाज दीड-दोनशे मीटर सरकतं, जायरो अँगल (सुटल्यावर टॉर्पेडोला वळावा लागणारा कोन) वाढतो आणि नेम बिघडतो. टॉर्पेडोची खोली, पिस्तूल (त्याचा स्फोट घडवणारा भाग) तपासून झालंय, इम्पॅक्टच, म्हणजे आदळल्यावर फुटणारं, ठेवतो.

नाशिकमध्ये कुणी खेळत असेल तर रविवारी लॅपटॉप घेऊन गंगापूर रोडला भेटायलाही येईन.

लांबच्या जहाजासाठी ४४ नॉटचा वाफेचा टॉर्पेडो वापरून अंतर भरून काढावं, की दोन्हीकडे इलेक्ट्रिकच ठेवून जवळच्या रांगेतलं मागून येणारं जहाज निवडावं?