लिनक्सवरचा सी प्रोग्रॅम फ्रीबीएसडीवर नेताना लायब्ररी सापडत नाहीत

चिकोडी_काटा
उसाच्या वजनकाट्याची पावती काढणारा सी प्रोग्रॅम डेबियन 12 वर नीट चालतो. पावती मराठी आणि कन्नड दोन्हींत निघते, त्यासाठी गेटटेक्स्ट (संदेशांची भाषांतरं दाखवणारी लायब्ररी) वापरलंय. कमांडलाइनचे पर्याय वाचायला आर्गपी, क्रॅश कुठल्या फंक्शनमध्ये झाला त्याच्या नोंदीला बॅकट्रेस. फ्रीबीएसडीवर (युनिक्स घराण्यातली, पण लिनक्सहून वेगळी सिस्टीम) बिल्ड करताना "लिबइन्टल.एच सापडत नाही" असं येतं, म्हणजे गेटटेक्स्टचं हेडर. गेटटेक्स्ट-रनटाइम पॅकेज टाकलं तरी तेच. डेबियनवरच्या .एसओ (तयार लायब्ररीच्या) फायली इकडे कॉपी केल्या तर चालतील काय?

खानापूर_मेक
अजिबात नको. त्या फायली जीलिबसीवर (डेबियनची लिबसी, म्हणजे मूळ सी लायब्ररी) बांधलेल्या आहेत, आणि एकाच प्रोसेसमध्ये दोन लिबसी नांदत नाहीत. सोर्स हाताशी आहे, तिथेच दुरुस्त करा.

पॅकेजच्या फायली /यूएसआर/लोकल खाली जातात आणि सिस्टीमचा क्लँग कंपायलर तिथे आपणहून बघत नाही. सीपीपीफ्लॅग्जमध्ये (कंपाइलचे पर्याय) -आय/यूएसआर/लोकल/इन्क्लुड आणि एलडीफ्लॅग्जमध्ये (लिंकचे पर्याय) -एल/यूएसआर/लोकल/लिब द्या. (इथला आय आणि एल दोन्ही कॅपिटल.)

हेडर सापडलं की लगेच "लिबइन्टल_गेटटेक्स्ट अनडिफाइन्ड" येणार, घाबरू नका. जीलिबसीत गेटटेक्स्ट लिबसीच्या पोटातच असतं. इथलं हेडर मात्र फंक्शनचं नाव बदलून वेगळ्या लायब्ररीकडे पाठवतं. म्हणून लिंक करताना लिबइन्टलचं नाव द्यावं लागतं.

बॅकट्रेससाठी पॅकेज नको, लिबएक्झेकइन्फो बेस सिस्टीममध्येच आहे, फक्त लिंक करा. आर्गपी जीलिबसीचीच खासियत. त्याला आर्गपी-स्टँडअलोन पॅकेज टाकून लिबआर्गपी जोडा. पर्याय चारपाचच असतील तर सरळ गेटऑप्ट_लाँग (दोन्हीकडच्या लिबसीतलंच फंक्शन) वापरा, एक डिपेंडन्सी कायमची जाते. मी तेच करेन.

मेकफाइलमध्ये इफइक्यू (जीएनयू मेकची अट लिहिण्याची पद्धत) असेल तर इथलं मेक नाही, जीमेक म्हणजे जीएनयू मेक चालवा.

निपाणी_बीएसडी
थ्रेड असतील तर -पीथ्रेड फ्लॅग आहे का बघा. जीलिबसी 2.34 पासून (ऑगस्ट 2021) पीथ्रेड (थ्रेडची) आणि डीएल (प्रोग्रॅम चालू असताना लायब्ररी उघडणारी) ह्या लायब्ररी मुख्य लिबसीत विलीन झाल्या. त्यामुळे डेबियन 12 वर फ्लॅग विसरला तरी लिंक होतं, आणि चूक दुसऱ्या सिस्टीमवर गेल्यावर उघडी पडते.

चिकोडी_काटा
बिल्ड झालं, एलडीडीत (प्रोग्रॅमला लागणाऱ्या लायब्ररी दाखवणारी कमांड) "नॉट फाउंड" काही नाही. आभारी आहे. पण आता ह्या लायब्ररी मेकफाइलमध्ये टाकल्या तर डेबियनवर लिबइन्टल आणि लिबएक्झेकइन्फो सापडत नाहीत म्हणून लिंकर अडतो की.

खानापूर_मेक
अडणारच, तिथे त्या नावाच्या वेगळ्या लायब्ररीच नाहीत. ऑटोकॉन्फ (बिल्डआधी सिस्टीममध्ये काय आहे ते तपासणारं साधन) घ्या. एसी_सर्च_लिब्स हा मॅक्रो फंक्शन आधी लिबसीत शोधतो, नसेल तरच तुम्ही सांगितलेली लायब्ररी जोडतो. बॅकट्रेस आणि आर्गपी_पार्सला तो पुरेसा. गेटटेक्स्टसाठी एएम_जीएनयू_गेटटेक्स्ट आहे. त्यातून मिळणारं लिबइन्टल व्हेरिएबल लिंकच्या ओळीत ठेवा, डेबियनवर ते रिकामं राहतं.

निपाणी_बीएसडी
काटा यूएसबी-सिरीयलवर असेल तर डिव्हाइसचं नावही बदला: /डेव्ह/टीटीवाययूएसबी0 ऐवजी /डेव्ह/सीयूएयू0 (शेवटचा यू कॅपिटल). त्याच पोर्टचं दुसरं नाव टीटीवाययू0 (इथलाही यू कॅपिटल) उघडलात तर प्रोग्रॅम कॅरियर सिग्नलची वाट बघत अडकू शकतो. युजर डायलर ग्रुपमध्ये हवा; डेबियनवर त्याच ग्रुपचं नाव डायलआउट.