पल्सरला 100/90 चा बल्ब टाकल्यापासून सेल्फ मारत नाही, मदत हवी

सेकंडशिफ्ट_कळे: मंडळी जरा लवकर सांगा, उद्या परत कामावर जायचंय. हेडलाइटला मोठा 100/90 चा बल्ब टाकला (अप्पर 100 वॅट, डिपर 90), उजेड एकदम कडक पडतोय पण सकाळी सेल्फ मारला की नुसतं टिक टिक टिक आणि मीटरचे दिवे मंद होतात. बॅटरी चार्ज करून आणली, दोन दिवस बरी चालली की परत तेच. मेकॅनिक म्हणतो नवीन बॅटरी घे, अहो मागच्या दिवाळीत तर घेतलीय. चार्जिंगचा रेग्युलेटर गेला असेल का? कितीला बसतो?

घाटवाट: पल्सर कोणती? 135, 150, 220? साल? आधी कितीचा बल्ब होता?

जुना_फोरस्ट्रोक: बॅटरीच मोठी टाक. मी माझ्या गाडीला 9 ची काढून 14 एएच (अँपिअर-तास) ची बसवली, साइड पॅनेल थोडं कापावं लागलं पण परत कधी त्रास नाही.

वायरमन_सांगली: दादा, टाकी मोठी केली म्हणून नळाला पाणी जास्त येत नाही. इंजिनमधली वीज तयार करणारी कॉइल जेवढी वीज देते तेवढीच देणार. 14 ची बॅटरी दोन दिवसांऐवजी तीन दिवसांनी बसेल एवढंच.

सेकंडशिफ्ट_कळे: 150, 2013 ची. आधीचा कंपनीचाच 35/35. बल्बचं सोडा हो, तो मस्त चाललाय, प्रॉब्लेम सेल्फचा आहे.

घाटवाट: प्रॉब्लेम बल्बचाच आहे भावा. 35 वॅट म्हणजे साधारण 3 अँपिअर, तुझा डिपरच 90 चा म्हणजे साडेसात. अजून काय काय लावलंय? फॉग?

सेकंडशिफ्ट_कळे: फॉग आहेत, 20-20 चे एलईडी. पण ते एलईडी आहेत, ते कुठे करंट खातात?

घाटवाट: 20 वॅट म्हणजे 20 वॅट, एलईडी असो नाहीतर शेगडी. 90 आणि 40, झाले 130. आधी 35 होते.

नियमाने_चला: मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचा, गाडीत बदल करण्याबद्दलचं. असले बल्ब लावून समोरच्याच्या डोळ्यात उजेड मारायचा आणि वर मदत मागायची.

सेकंडशिफ्ट_कळे: साहेब तुम्ही रात्री बारा वाजता गगनबावडा रोडला या एकदा. सीझनला उसाच्या ट्रॉल्या, मागं ना लाइट ना रिफ्लेक्टर, आणि ऊस बाहेर आलेला असतो तो थेट तोंडाच्या उंचीला. 35 च्या बल्बमधे ट्रॉली दिसते तेव्हा ब्रेक मारायला जागाच उरलेली नसते.

उसाचा_रस: खरंय. कारखान्यानं ट्रॉलीमागं लाल कापड तरी बांधायला लावलं पाहिजे. आमच्याकडं वारणेला पण हेच.

जुना_फोरस्ट्रोक: मग रिले टाक. रिले टाकला की लोड बॅटरीवर येतच नाही.

वायरमन_सांगली: काहीही काय! रिलेचा करंट येतो कुठून, बॅटरीतूनच ना? रिले म्हणजे छोट्या करंटवर चालणारा मोठ्या करंटचा स्विच, त्याचा फायदा वेगळा आहे. मूळ वायर बारीक, ती स्विचमधून फिरून येते, त्यात व्होल्टेज पडतं. होल्डरला 10 टक्के व्होल्टेज कमी पोचलं तर हॅलोजनचा उजेड जवळपास 30 टक्के कमी होतो. म्हणजे जाड वायर आणि रिले टाकून 35 चाच बल्ब बराच उजेड देतो. सेकंडशिफ्ट, तुम्ही 100/90 त्याच बारीक वायरवर चालवताय का? होल्डर काढून बघा, पिवळा पडला असेल.

पुणे_रायडर: लोड वाढवल्यानं कॉइल जळते, माझ्या मित्राची जळली.

वायरमन_सांगली: शंट टाइपच्या रेग्युलेटरमधे कॉइल तशीही पूर्ण ताकदीनं चालते, उरलेली वीज रेग्युलेटर शॉर्ट करून उष्णतेत घालवतो. मित्राचं कारण दुसरं असेल.

पुणे_रायडर: म्हणजे मी खोटं बोलतोय का?

घाटवाट: भांडण नंतर. सेकंडशिफ्ट, मल्टीमीटर लावून बॅटरीवर व्होल्टेजचं रीडिंग घे. सगळं चालू ठेवून, आयडलला (रेस न देता) आणि 4000 आरपीएमला. मग फॉग बंद करून.

हॉर्नप्रेमी: उजेडापेक्षा डबल हॉर्न लावा, ट्रॉलीवाला स्वतः बाजूला होतो.

सेकंडशिफ्ट_कळे: घेतली. सगळं चालू, आयडलला 11.9, रेस दिल्यावर 12.4. फॉग बंद केले तर 12.9. जुना 35 चा बल्ब घरी होता तो लावून बघितला तर 14.1. आणि होल्डरची एक पिन काळी पडलीय, प्लास्टिक मऊ झालंय. पिन ओढली तर होल्डरसकट बाहेर आली.

वायरमन_सांगली: मग रेग्युलेटर, कॉइल दोन्ही ठणठणीत. 12.4 वर बॅटरी चार्ज होत नाही, उलट रिकामी होते. तुम्ही कामावरून घरी येईपर्यंत बॅटरीच गाडीला उजेड देते. नवीन होल्डर, रिले, फ्यूज, 35 चा बल्ब. हेडलाइटच्या आतल्या रिफ्लेक्टरची चांदी उडाली असेल तर तोही बदला. फॉग वेगळ्या स्विचवर, फ्यूज टाकूनच, थोडे खाली वळवून, आणि गावातून जाताना बंद. एकदा लावून झालं की फॉगसकट परत रीडिंग घ्या, रेसवर साडेतेराच्या वर असेल तरच निवांत.

सेकंडशिफ्ट_कळे: बरं. पण 60/55 चा टाकला तर? मधला मार्ग म्हणून.

घाटवाट: 35 च्या घरात 60 बसवायला बल्बची चकती घासावी लागते, फोकस बिघडतो. उजेड झाडावर, ट्रॉली अंधारात. आणि 60 सोबत फॉग लावलेस की परत तिथंच येशील.

सेकंडशिफ्ट_कळे: रविवारी कोल्हापुरात करून घेतो. शाहूपुरीत चांगला वायरमन कुणी सांगेल का?

ॲक्टिवा_वाली: धागा हायजॅक करते सॉरी, माझ्या ॲक्टिवाचा इंडिकेटर एका बाजूलाच फास्ट लुकलुकतोय, तो पण बॅटरीमुळेच का?