शटरवेगाइतकेच अंतरही महत्त्वाचे
न्हाणाऱ्या पक्ष्याच्या छायाचित्रात उडणारे थेंब स्पष्ट टिपायला १/५०० सेकंदाचा शटरवेग (कॅमेऱ्याचे शटर उघडे राहण्याचा वेळ) पुरतो, हे मत मला पटत नाही. पंख फडफडवत न्हाणाऱ्या लहान पक्ष्यासाठी मी १/२००० सेकंद किंवा त्याहून वेगवान शटर ठेवतो आणि कॅमेरा जवळजवळ पाण्याच्या पातळीवर आणतो. मात्र पक्ष्यापासून राखायच्या अंतराची काळजी मला त्याहून मोलाची वाटते, कारण भिजलेल्या पिसांनी पक्ष्याला चपळाईने उडता येत नाही आणि म्हणूनच तो जवळचे झुडूप हेरून, बराच वेळ कानोसा घेऊन मगच जेमतेम दोन-चार सेंटीमीटर खोल पाण्यात उतरतो. त्या क्षणी आपण हललो, तर त्याची आंघोळ अर्धवट राहते. नंतरही कॅमेरा लगेच आवरू नये: फांदीवर बसून शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीतले तेल चोचीने पिसांना लावणारा पक्षी मला तितकाच देखणा वाटतो.